वेटिंग रूममधलं ते ‘जर्नल’ किती भरवशाचं?

प्रश्न : माझ्या आईची हाडं ठिसूळ झाली आहेत. डॉक्टरांनी तिला आठवड्यातून एकदा घ्यायची अलेन्ड्रोनेटची गोळी दिली आहे. मागच्या खेपेला त्यांच्या वेटिंग रूममध्ये गुळगुळीत कागदाचं एक इंग्रजी मासिक हाती लागलं. नावात ‘जर्नल’, आत संपादक मंडळाची भली मोठी यादी, लेखांखाली संदर्भ. या गोळीने खुब्याचं फ्रॅक्चर होण्याचा धोका निम्म्याने कमी होतो, असं त्यात लिहिलं होतं. आणि मागच्या कव्हरवर त्याच गोळीची पानभर जाहिरात होती. ‘केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी’ असंही बारीक अक्षरात छापलं होतं. याला शास्त्रीय नियतकालिक म्हणायचं की जाहिरातपत्रक? आणि माझ्यासारख्या कॉमर्स शिकलेल्या माणसाला ते ओळखता येईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : बऱ्याच अंशी ओळखता येईल. एखादा लेख शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे की नाही, हे सांगायला त्या विषयातला माणूस लागतो. पण मासिक कोणाच्या पैशावर चालतं आणि जाहिरातदाराला न रुचणारी गोष्ट ते कधी छापतं का, हे पाहायला डॉक्टरकीची पदवी लागत नाही. माझ्या मते ही दुसरी कसोटी सगळ्यात मोठी. ज्या मासिकात कोणत्याच औषधाबद्दल कधी वाईट बातमी येत नाही, त्यातल्या चांगल्या बातमीलाही फारशी किंमत देऊ नये.

तुमच्या पत्रावरून ऑस्ट्रेलियातलं एक प्रकरण आठवलं. तिथेही विषय हाडांचाच होता आणि औषधही योगायोगाने हेच. ‘ऑस्ट्रेलेशियन जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट मेडिसिन’ नावाचं एक नियतकालिक २००३च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांना जात होतं. दिसायला कोणत्याही शोधपत्रिकेसारखं. मानद संपादक मंडळ होतं. प्रकाशक एल्सेव्हियर, म्हणजे १८२३पासून निघणारं ‘लॅन्सेट’ आज ज्यांच्याकडे आहे तेच. पुढे मर्क कंपनीच्या व्हायॉक्स या वेदनाशामकाविरुद्ध रुग्णांनी दावा लावला, त्याच्या सुनावणीत २००९मध्ये या नियतकालिकाचं बिंग फुटलं. त्याचा खर्च मर्कने केला होता आणि अंकात ते कुठेही सांगितलं नव्हतं. आतला बराचसा मजकूर इतरत्र आलेल्या लेखांची पुनर्मुद्रणं आणि गोषवारे असा होता. जॉर्ज जेलिनेक या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी न्यायालयासाठी या नियतकालिकाचे अंक तपासले. एका अंकातल्या २९ लेखांपैकी ९ व्हायॉक्ससंबंधी आणि १२ फोसामॅक्ससंबंधी निघाले, आणि निष्कर्ष औषधाच्या बाजूचे. फोसामॅक्स म्हणजे मर्कचं अलेन्ड्रोनेट.

संपादक मंडळातल्या एका सदस्याने सांगितलं की मूळ संशोधनाचा एकही लेख आपल्याकडे तपासायला कधी आला नव्हता. एल्सेव्हियरने चौकशी करून कबूल केलं की २००० ते २००५ या काळात त्यांच्या ऑस्ट्रेलियातल्या कार्यालयाने औषधकंपन्यांच्या पैशावर अशी सहा प्रकाशनं काढली आणि प्रायोजकत्व नीट जाहीर केलं नाही.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, प्रकाशकाचं मोठं नाव पुरेसं नाही. दुसरी, व्हायॉक्समुळे हृदयाला धोका होतो का, हा प्रश्न २०००पासूनच उघडपणे चर्चेत होता. मर्कने ३० सप्टेंबर २००४ रोजी हे औषध जगभरातून मागे घेतलं. त्यातलं मूळ द्रव्य रोफेकॉक्सिब आपल्याकडेही डिसेंबर २००४मध्ये बंद झालं. ज्या काळात डॉक्टरांना या धोक्याची माहिती सगळ्यात जास्त हवी होती, त्याच काळात हे ‘जर्नल’ त्यांच्या टेबलावर निव्वळ गुणगान पोचवत होतं.

आता तुमच्या हातातल्या मासिकाकडे वळू. डॉक्टरांपर्यंत जाणारा छापील मजकूर साधारण चार जातींचा असतो. पहिली शोधपत्रिका : यात मूळ संशोधन येतं आणि छापण्याआधी ते त्याच विषयातल्या बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतात. दुसरी व्यावसायिक मासिकं : औषधांच्या बातम्या, परिषदांचे वृत्तांत, मुलाखती, उजळणीचे लेख. ही बहुधा डॉक्टरांना फुकट येतात आणि जाहिरातींवर चालतात. तिसरी औषधसूचीची पुस्तकं. चौथा प्रकार म्हणजे कंपनीचं स्वतःचं साहित्य : एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, डॉक्टरांपुढे उघडून दाखवतो ते व्हिज्युअल एड, टेबलावर ठेवून जातो ते एलबीएल हे माहितीपत्रक आणि कंपनीने काढलेली बुलेटिनं. यातला कोणताही प्रकार मुळात वाईट नाही. घोटाळा होतो तो चौथ्या प्रकाराने पहिल्याचा वेश घेतला की.

फुकट येतं म्हणून मासिक टाकाऊ, असंही नाही. मात्र २००२ साली ‘जामा’ या अमेरिकन शोधपत्रिकेत एक तुलना आली होती. एका बाजूला तज्ज्ञांकडून तपासून छापलेले उजळणीचे लेख आणि दुसऱ्या बाजूला फुकट वाटल्या जाणाऱ्या मासिकांतले, असे ३९४ लेख पडताळले होते. फुकट मासिकांतले लेख वाचायला सोपे, तक्ते-चित्रांनी सजलेले आणि मांडणीत सरस निघाले; पुरावा गोळा करण्याच्या आणि पारखण्याच्या पद्धतीत मात्र कच्चे. तेव्हा मांडणीवर भुलू नका.

बारीक अक्षरातल्या ज्या ओळीने तुम्ही बिचकलात, ती दर्जाची खूण नव्हे, कायद्याने आलेली ओळ आहे. १९५४च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ठरावीक आजारांवरच्या औषधांची जाहिरात सर्वसामान्यांसाठी करायला बंदी आहे. नोंदणीकृत डॉक्टरांना खासगीरीत्या पाठवलेल्या माहितीला त्यातून सूट आहे. त्या सुटीचा फायदा घ्यायचा तर ही ओळ छापावी लागते. म्हणजे ती वाचून ‘हे फार शास्त्रीय असणार’ असं वाटण्याऐवजी ‘यात जाहिरात असणार’ असं वाटलं तर ते जास्त बरोबर.

नोंदणी क्रमांकांचंही तसंच. वृत्तपत्र निबंधकाकडची नोंदणी म्हणजे शीर्षक आणि मालकी यांची सरकारदरबारी नोंद. आतला मजकूर तिथे कोणी तपासत नाही. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक नियतकालिक ओळखता यावं यासाठी असतो. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून तिचे ब्रेक चांगले, असं आपण म्हणत नाही.

मग बघायचं काय? पुढच्या वेळी मासिक हाती आलं की एवढं करा.

आधी ‘मालक, मुद्रक, प्रकाशक’ ही ओळ शोधा. ती बहुधा पहिल्या किंवा शेवटच्या पानाच्या तळाशी असते. मालक कोण? एखादी वैद्यकीय संघटना, महाविद्यालय, प्रकाशनसंस्था, की जाहिरात-संपर्काचं काम करणारी एजन्सी? ‘अमुक कंपनीच्या शैक्षणिक साहाय्याने’ अशी ओळ असेल तर निदान त्यांनी ते सांगितलं तरी. ओळ नाही आणि जाहिराती एकाच कंपनीच्या, असं दिसलं तर सावध व्हा.

मग जाहिराती आणि लेख शेजारी ठेवा. ज्या औषधाची जाहिरात, त्याचीच लेखातही शिफारस, असं एका अंकात घडलं तर योगायोग समजू. चार अंकांत घडलं तर तो धंदा आहे. केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने मार्च २०२४मध्ये औषधविपणनाची एकसमान संहिता जाहीर केली. कंपनीने पैसे देऊन छापून आणलेला मजकूर संपादकीय मजकुरासारखा दिसता कामा नये, हा त्यातला दंडक आहे. ‘सुरक्षित’ हा शब्द मोघमपणे वापरायचा नाही, एखाद्या औषधाला दुष्परिणामच नाहीत असं ठामपणे म्हणायचं नाही आणि वर्षाहून जास्त काळ बाजारात असलेल्या औषधाला ‘नवीन’ म्हणायचं नाही, हेही त्यात आहे. मासिकात हे शब्द मोकाट फिरत असतील तर तेवढ्यावरूनही अंदाज येतो.

तिसरी तपासणी आकड्यांची. ‘धोका निम्म्याने कमी’ हे वाक्य खोटं नाही. १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये अलेन्ड्रोनेटची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. मणक्याचं फ्रॅक्चर आधीच झालेल्या २,०२७ स्त्रिया त्यात होत्या आणि त्यांच्यावर सुमारे तीन वर्षं लक्ष ठेवलं होतं. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी २.२ टक्के स्त्रियांचं खुब्याचं हाड मोडलं, अलेन्ड्रोनेट घेणाऱ्यांपैकी १.१ टक्के. निम्म्याने कमी, हे खरंच. पण दुसऱ्या बाजूने सांगायचं तर शंभर जणींनी तीन वर्षं गोळी घेतल्यावर एकीचं खुब्याचं फ्रॅक्चर टळलं. मणक्यांच्या बाबतीत फायदा मोठा होता : एक्स-रेवर दिसणारी नवी फ्रॅक्चर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आली. प्रामाणिक मासिक टक्क्यांबरोबर हे ‘शंभरांपैकी किती’ही सांगतं. विकाऊ मासिक फायदा ‘निम्म्याने’च्या भाषेत सांगतं आणि दुष्परिणाम सांगायची वेळ आली की ‘क्वचित’ म्हणून मोकळं होतं.

चौथी तपासणी वाईट बातमीची. अलेन्ड्रोनेट आणि त्याच्या कुळातल्या औषधांनी क्वचित जबड्याच्या हाडाचा भाग मृत होतो आणि दीर्घकाळ घेतल्यास मांडीचं हाड वेगळ्याच पद्धतीने मोडू शकतं. या दुसऱ्या धोक्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१०मध्ये इशारा दिला होता. तुम्ही पाहिलेल्या लेखात यातलं काही होतं का? गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते, हे तरी होतं का? रुग्णाच्या कामाची ही माहिती गाळून केवळ ‘निम्म्याने’ छापलं असेल तर लेख कोणासाठी लिहिला आहे ते उघड आहे.

पाचवी तपासणी चुकांची, आणि इथे नामवंत शोधपत्रिकाही सुटत नाहीत. व्हायॉक्सची गाजलेली चाचणी नोव्हेंबर २०००मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापली होती. औषध घेणाऱ्या गटातले तीन हृदयविकाराचे झटके त्या लेखात मोजलेच नव्हते. संपादकांनी त्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली ती डिसेंबर २००५मध्ये. दरम्यान त्याच लेखाच्या नऊ लाखांहून जास्त छापील प्रती जर्नलने विकल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक मर्कने घेतल्या होत्या. एमआर डॉक्टरांना ‘रीप्रिंट’ देतात ते असे येतात. ‘लॅन्सेट’ने १९९८मध्ये गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा, अवघ्या १२ मुलांवरचा लेख छापला आणि तो मागे घ्यायला २०१० उजाडलं. कोविडच्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा, ९६ हजार रुग्णांच्या नावावर मांडलेला लेख त्याच ‘लॅन्सेट’ने दोन आठवड्यांत मागे घेतला, कारण मूळ आकडेवारी कोणाला तपासूच दिली गेली नाही.

हे वाचून ‘मग सगळे सारखेच’ असं म्हणू नका. फरक असा की या शोधपत्रिकांच्या चुका बाहेरच्या लोकांना पकडता आल्या. मूळ लेख, लेखकांची नावं, पद्धत उघड्यावर होती, आणि अखेर दुरुस्ती त्याच ठिकाणी, नावानिशी छापली गेली. ज्या मासिकात वर्षानुवर्षं एकही दुरुस्ती, एकही विरोधी पत्र, एकही वाद दिसत नाही, ते बिनचूक असतं असं नाही. तिथे तपासणाराच कोणी नसतो.

इंटरनेट हाताशी असेल तर आणखी एक सोपी चौकशी होते. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या ग्रंथसूचीत मासिकाचं नाव टाका आणि ते त्यांच्या ‘मेडलाइन’ या लेखसूचीत घेतलेलं आहे का पाहा. ऑस्ट्रेलियातलं ते ‘जर्नल’ तिथे नव्हतं. नाव नसलं की मासिक खोटंच, असं नाही. चांगली प्रादेशिक प्रकाशनंही बाहेर राहतात. पण मग वरच्या पाच गोष्टी जास्त काटेकोरपणे पाहाव्यात.

जाहिरातदाराला न बिचकणारी प्रकाशनं असतात का? असतात. फ्रान्समधलं ‘प्रेस्क्रिर’ जाहिराती घेत नाही, वर्गणीवर चालतं आणि नव्या औषधांपैकी बहुतेकांत नवं काही नाही असं बिनदिक्कत लिहितं. आपल्याकडे मुंबईतून १९९३पासून निघणारं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ डॉक्टर, रुग्णालयं आणि औषधकंपन्या यांच्या वागणुकीवरच बोट ठेवतं. केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५पासून चालू आहे.

राहता राहिली आईची गोळी. मासिकाचा संशय आला म्हणून ती परस्पर बंद करू नका. अलेन्ड्रोनेट हे उपयोगी औषध आहे. त्या ऑस्ट्रेलियन ‘जर्नल’ने त्याची भलामण केली म्हणून ते वाईट ठरत नाही. डॉक्टरांना मासिकाबद्दल न विचारता आईबद्दल विचारा : तिच्या वयात आणि तिच्या हाडांच्या घनतेत फ्रॅक्चरचा धोका शंभरात किती, गोळीने तो किती होईल, किती वर्षं घ्यायची, दातांचं काम निघालं तर काय करायचं? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

याच विषयावर आणखी दोन पत्रं आली आहेत.

प्रश्न : मी वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणवणाऱ्या एका नियतकालिकाकडून लेख मागणारी ई-मेल येते. तीन दिवसांत स्वीकृती, शुल्क आधी, ‘ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर’ अमुक. पाठवावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पाठवू नका. तीन दिवसांत खरं परीक्षण होत नाही. नेहमीच्या अर्थाचा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही संस्था काढते. त्यापुढे ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ असं काही जोडलं की शंका घ्यावी. २०१३मध्ये ‘सायन्स’च्या जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक बनावट लेख ३०४ नियतकालिकांना पाठवला होता. १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेला. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशकाने लेखकांची दिशाभूल केली म्हणून अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९मध्ये ५ कोटी डॉलरहून जास्त रकमेचा निकाल दिला. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१८मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढली होती. बढतीसाठी छापील लेख लागतात, ही अडचण खरी आहे. पण फसव्या ठिकाणी छापलेला लेख पुढे बायोडेटावरून पुसता येत नाही. लेख पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचे दोन जुने लेख आपल्या मार्गदर्शकांना वाचायला द्या.

प्रश्न : माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर औषधसूचीची पुस्तकं असतात. त्यांवर किती विसंबावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ब्रँडमध्ये कोणतं औषध किती मिलिग्रॅम आहे, पर्यायी ब्रँड कोणते, यासाठी ती कामाची आहेत. अंकाची तारीख मात्र पाहा, कारण किमती आणि बंदी घातलेल्या मिश्रणांची यादी बदलत राहते. किमतीची खात्री राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’वर करून घ्या. औषध कोणत्या आजारासाठी मंजूर आहे, याबाबत पुस्तक आणि केंद्रीय औषध नियंत्रक यांच्यात फरक दिसला तर नियंत्रकाचं मानावं. सूचीचं पुस्तकही ताठ कण्याचं असू शकतं. ‘मिम्स इंडिया’चे संपादक डॉ. चंद्र गुल्हाटी यांनी पुराव्याविना खपवल्या जाणाऱ्या औषधांवर सातत्याने टीका केली. अर्थात नियंत्रकाची व्यवस्थाही निर्दोष नाही : २०१२मध्ये संसदेच्या स्थायी समितीने औषध नियंत्रण व्यवस्थेवर अहवाल दिला. वेगवेगळ्या शहरांतल्या तज्ज्ञांनी औषधांच्या मंजुरीसाठी दिलेली शिफारसपत्रं शब्दशः सारखी निघाल्याचं त्यात नोंदवलं होतं. सही तज्ज्ञाची आणि लेखणी दुसऱ्याची, हा प्रकार मासिकांपुरताच नाही.

तिन्ही वाचकांना शेवटी एक विनंती. मासिकात काहीही छापलेलं असो, औषध घेतल्यावर कोणाला त्रास झाला तर तो कळवा. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण, नातेवाईक किंवा औषधविक्रेता यांपैकी कोणीही ही माहिती देऊ शकतो.